पॉलिसीवाली थोरली आणि खिडकीवाली धाकटी

"म्हणजे मी जे विकते, ते तू फुकट वाटणार."

"मी कुठे वाटतेय, ताई? सरकार वाटतंय. मी नुसती खिडकीत बसणार."

"आणि खिडकीतून हात कुणाचा बाहेर येणार? सरकारचा?"

"हात माझा, कार्ड सरकारचं."

"उत्तरं बघा कशी तयार आहेत. अजून नेमणुकीचा पत्ता नाही, पण उत्तरं तयार."

"नेमणूक कालच झाली."

थोरलीच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. धाकट्या जावेला नोकरी लागली हे एक, आणि ती बातमी याच घरात, आपल्याच भिंतीपलीकडे, एक रात्र मुक्काम करून सकाळी आपल्यापर्यंत आली हे दुसरं. दुसरं जास्त लागलं.

घर एक, भाऊ दोन, स्वयंपाकघर एक, शेगड्या दोन. थोरला पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करतो. धाकटा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो आणि घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. त्यामुळे घर म्हणजे खरं तर या दोन जावाच. त्यांचं वाजलं की थोरला पटकन भिंग डोळ्याला लावतो. एक डोळा भिंगात आणि दुसरा मिटलेला, म्हणजे त्याला काहीच दिसत नाही अशी सोय. त्या सकाळीही त्याने भिंग लावलं होतं, फक्त समोर घड्याळ ठेवायचं विसरला होता.

थोरलीने मग बरंच काही सुनावलं. सरकारी दवाखान्यातली हवा चांगली नाही, कंत्राटी नोकरीचा पगार हातात पडेल तेव्हा खरा, योजनेच्या नावाने लोक येऊन शिव्या घालतील त्या तूच खाशील. धाकटी म्हणाली, झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून पायाच्या शिरा फुगल्या, नखांतली काळी पूड निघत नाही, इथे निदान बसायला खुर्ची आहे.

"खुर्ची मिळाली म्हणजे टेबल मिळत नाही," थोरली म्हणाली आणि शेगडी बंद करून कामाला निघाली.

टेबल हा थोरलीचा मानाचा शब्द. ती एका खासगी विमा कंपनीची एजंट. शाखा दुसऱ्या मजल्यावर, खाली औषधाचं दुकान. एजंट पुष्कळ, पण बहुतेक सगळे फिरते. सकाळी यायचं, भिंतीला टेकून फोन करायचे, साहेबांना तोंड दाखवायचं आणि उन्हात निघायचं. स्वतःचं टेबल फक्त चौघांना. त्यातलं दाराजवळचं, आत येणाऱ्याची नजर आधी पडते ते, थोरलीचं. टेबलाला खण, खणाला किल्ली, किल्ली थोरलीच्या पर्समध्ये. खणात काय होतं म्हणाल तर एक कंगवा, बडीशेपेची डबी आणि पेनं. पण किल्ली होती.

ती आजारपणाचा विमा विकायची. मेल्यावर मिळणारे पैसे विकायला सोपे असतात, ती म्हणायची, माणूस घाबरतो आणि सही करतो. जिवंतपणी लागणारे विकून दाखवा. तिने ते बेकरीवाल्याला विकले, शिंप्याला विकले, शाळेतल्या बाईंना, गाड्या धुणाऱ्याला, भाजीवालीला विकले. विकून ती मोकळी होत नसे. कुणी दवाखान्यात दाखल झालं की ही पर्स खांद्याला लावून हजर. बिलाच्या खिडकीवर भांडायची, डॉक्टरच्या सहीसाठी जिन्यात उभी राहायची, आणि भांबावलेल्या नातेवाइकांना एकच वाक्य सांगायची, "कागद मी बघते, तुम्ही माणसाकडे बघा." हे वाक्य तिचं होतं. लोक ते आठवणीने एकमेकांना सांगायचे. तिला रस्त्यात कुणी नावाने हाक मारत नसे, सगळ्यांची ती पॉलिसीवाली वहिनी. भाजीवाली तिच्या पिशवीत न मागता वरून कोथिंबीर टाकायची, आणि थोरली न बघितल्यासारखं करायची. दोघींचा तो शिरस्ता होता.

तिची आणखी एक रीत होती. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ती बसायला सांगे, पाणी देई, घरात कोण कोण आहे ते विचारी, पण कुणी पाठवलं हे कधीही विचारत नसे. बाकीचे एजंट पहिला प्रश्न तोच करायचे, म्हणजे पाठवणाऱ्याला फोन करून आभार मानता येतात आणि आणखी दोन नावं काढता येतात. थोरली नाक मुरडायची. तिला शिकवणारे जुने साहेब म्हणत, कुणी पाठवलं विचारलंत की अर्धं गिऱ्हाईक त्या पाठवणाऱ्याचं होतं. थोरलीला अर्धं काहीच चालत नसे. नळाचं पाणीसुद्धा ती आपली बादली भरल्यावरच धाकटीला सोडायची.

मग योजना आली. साधी गोष्ट होती. घराला एक कार्ड, एका ठरावीक रकमेपर्यंत दवाखान्याचा खर्च सरकार भरणार, हप्ता नाही. कार्ड काढून देणारी खिडकी सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, आणि तिच्या आत धाकटी.

पहिल्यांदा बेकरीवाला गेला. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली म्हणून थोरलीने रीतीप्रमाणे फोन केला, तर तो स्वतः शाखेत आला. हातात पावाची लादी, अजून गरम. लादी टेबलावर ठेवून तो उभाच राहिला. थोरली काय ते समजली. गिऱ्हाईक काहीतरी खायला घेऊन आलं की ते जाणार असतं.

त्याने चाचरत सांगितलं की कार्ड निघालंय, आता दोन-दोन कशाला, आणि तसंही इतकी वर्षं भरले पण घरात आजारी कुणी पडलं नाही.

"त्याचं दुःख होतंय का?" थोरलीने विचारलं.

तो हसला, कान खाजवला, आणि जाता जाता म्हणाला की तुमच्या जाऊबाई फार छान समजावून सांगतात हं. थोरलीने ती लादी घरी नेली आणि नवऱ्यापुढे ठेवली. स्वतः तुकडा तोडला नाही. तो म्हणाला, मऊ आहे. ती म्हणाली, असणारच, फुकटची आहे.

मग शिंपी गेला, गाड्या धुणारा गेला. लहान हप्त्यांच्या गिऱ्हाइकांची पानगळच लागली. शाळेतल्या बाई तेवढ्या राहिल्या, कारण त्यांना दवाखान्यात स्वतंत्र खोली हवी होती आणि कार्डावर खोली मिळत नसे. थोरलीने गिऱ्हाईक गेल्याचं फार मनावर घेतलं नसतं. धंद्यात वर-खाली व्हायचंच. पण ते जात होते कुठे, तर तिच्या स्वयंपाकघरात तिच्याच डाव्या हाताला उभी राहून कांदा चिरणाऱ्या बाईकडे. आणि ती बाई कांदा चिरता चिरता रडत होती तेव्हासुद्धा थोरलीला ती हसल्यासारखी दिसत होती.

भाजीवालीचं तर तिने डोळ्यांनी पाहिलं. दोघी जावा एकदा बरोबर बाजारात गेल्या. भाजीवालीने वजन केलं, पैसे घेतले, कोथिंबिरीची जुडी उचलली आणि धाकटीच्या पिशवीत टाकली. वर म्हणाली, तुमच्यामुळे सासऱ्यांच्या डोळ्याचं झालं बाई. धाकटी संकोचली. घरी येऊन तिने ती जुडी मुद्दाम दोन्ही शेगड्यांच्या मधे ठेवली. थोरलीने त्या दिवशी कशावरच कोथिंबीर घातली नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, मला वास येतो तिचा.

हळूहळू थोरलीला सगळंच दिसायला लागलं. धाकटीने नवी चप्पल घेतली, पट्ट्याची. धाकटी सकाळी केस विंचरून जायला लागली, पूर्वी नुसते बांधायची. रस्त्यात लोक थांबून धाकटीला दुखणी सांगायला लागले. एका म्हाताऱ्याने तर भर चौकात शर्ट वर करून टाके दाखवले. थोरली शेजारीच उभी होती. म्हाताऱ्याने तिला विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

एक दिवस ती दवाखान्यात गेली. काम नव्हतं. काम असल्यासारखी पर्स छातीशी धरून तळमजल्यावर गेली आणि खांबाआड, रक्तदानाच्या पाटीसमोर उभी राहिली. ती पाटी तिने इतक्या वेळा वाचली की तिच्याकडे बघून कुणीही रक्त द्यायला आलेल्या बाई म्हणाला असता. रांग लांब होती. खिडकीच्या जाळीआड धाकटी. पुढे एक तरुण बाई, कडेवर मूल, हातात कागदांचा चुरगळलेला गठ्ठा. ते खाली पडत होते, ती उचलत होती, पुन्हा पडत होते. धाकटीने जाळीतून हात बाहेर काढला, गठ्ठा आत घेतला आणि म्हणाली, "कागद मी बघते, तुम्ही माणसाकडे बघा."

शब्द तेच. 'तुम्ही'वरचा जोर तोच. हात पुढे करून मान किंचित कलती करायची लकबसुद्धा तीच. पर्सची साखळी थोरलीच्या तळव्यात रुतली. ती कडेवर मूल असलेली बाई एकदम शांत झाली, तिचे खांदे खाली आले, आणि नेमकं तेच थोरलीला बघवेना. आपल्या वाक्याने लोकांचे खांदे असेच खाली येत, पण ते बघायला आपण कधी बाजूला उभ्या नव्हतो. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि बोलायची सोय नाही, कारण बोलली तर इथे कशाला आली होतीस हे सांगावं लागणार. ती घरी आली आणि दोन दिवस धाकटीशी फक्त भांड्यांमधून बोलली.

शाखेतही वारे फिरले होते. साहेब नवे होते, थोरलीच्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की छोट्या पॉलिसींचं उत्पन्न योजनेने खाल्लंय, त्याला इलाज नाही. जागेचं भाडं परवडत नाही, वर्षअखेरीला चारातली दोन टेबलं काढणार. ज्यांचा धंदा कमी त्यांनी घरून फोनवर काम करावं. हे म्हणताना ते दाराजवळच्या टेबलाकडे बघत नव्हते, आणि ते मुद्दाम बघत नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं.

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. घरून काम म्हणजे त्याच स्वयंपाकघरात, त्याच शेगडीशेजारी, कानाला फोन लावून. आणि धाकटी पट्ट्याची चप्पल घालून बाहेर पडणार. उपाशी राहीन पण हे नको, असं तिला वाटलं.

साहेबांनी मग नवी पॉलिसी काढून दाखवली. कार्डाची रक्कम जिथे संपते, तिथून पुढचा खर्च ही देणार. खालचा मजला सरकारचा, वरचा आपला, असं त्यांनी फळ्यावर घर काढून दाखवलं. खालचा भार सरकार उचलतंय म्हणून हप्ता अगदी थोडा. तेव्हा गिऱ्हाइकं पुष्कळ लागतील. शाखेत तिला सगळे वरची पॉलिसी म्हणायला लागले.

"म्हणजे तिच्या ताटातलं उरलेलं मी विकायचं," थोरली घरी येऊन नवऱ्याला म्हणाली.

घड्याळजी म्हणाला की लोक खालचा मजला असल्याशिवाय वरचा बांधत नाहीत. थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने भिंग लावलं.

पण टेबल जाणार होतं. तिने एक नवं भाषण तयार केलं. आरशासमोर म्हणून बघितलं, हात कुठे करायचा, कुठे थांबायचं. कार्ड चांगलंच आहे, पण दुखणं कार्ड वाचून येत नाही, इथे थांबायचं. हे भाषण ती जुन्या गिऱ्हाइकांना फोनवर ऐकवायला लागली. आणि काय सांगावं, माणसं यायला लागली. आधी एक गवंडी आला, मग वाहन शिकवणीची शाळा चालवणारी बाई, मग तिच्याकडे शिकणाऱ्या दोघी. मग शिंपी परत आला. एका सकाळी बेकरीवालाही आला, आणि या वेळी हातात काही नव्हतं. थोरली मनात म्हणाली, आला लाजून.

नवी माणसं वेगळी होती. पूर्वी विमा म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागे, अर्धा तास घशाला कोरड. आता माणूस बसतानाच विचारायचा, कार्ड अमुकपर्यंत देतं, त्याच्यापुढचं तुम्ही देणार ना? यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात कधी विमा घेतला नव्हता. हे शहाणपण त्यांना कुठून आलं हे थोरलीने कुणालाही विचारलं नाही. तिने पाणी दिलं, घरात कोण कोण आहे ते विचारलं आणि श्रेय आपल्या भाषणाला दिलं.

घरातला सूरही बदलला. ती जेवताना सांगू लागली की शाखेत लोक काय काय म्हणतात. शिकून येत नाही ते, तिने एकदा धाकटीच्या ताटात वाढता वाढता म्हटलं, बोलण्यात असावं लागतं. धाकटी म्हणाली, खरंय ताई. इतकंच. तिने मान वर केली नाही, आणि थोरलीला वाटलं, जळतेय. त्या रात्री तिला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली.

साहेब खूश होते. एका रविवारी दुपारी त्यांनी शाखेत छोटा समारंभ ठेवला. वरची पॉलिसी सगळ्यात जास्त विकणाऱ्या बाईंचा सत्कार, मग त्यांनी आपलं गुपित नव्या एजंटांना सांगायचं, आणि दोन-चार गिऱ्हाइकांनी दोन शब्द. वर्षअखेर अजून काही आठवड्यांवर होती, पण दाराजवळचं टेबल आता कोण काढतंय, अशी हवा होती. थोरलीने ठेवणीतली साडी नेसली. भाषण झालं, दुखणं कार्ड वाचून येत नाही, टाळ्या पडल्या, हातात फुलांचा गुच्छ आला.

मग बेकरीवाला बोलायला उभा राहिला. त्याला सभेची सवय नव्हती, म्हणून तो खरं बोलला.

"आता मी काय सांगणार. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या बाईंना मी विचारलं, कार्ड संपलं तर काय. त्या म्हणाल्या, पुढचं हवं असेल तर पॉलिसीवाल्या वहिनींकडे जा. फटकळ आहेत, पण जे मिळणार नाही ते मिळेल असं कधी सांगायच्या नाहीत. म्हणून आलो."

आणि बसला. शिंपी जागेवरूनच म्हणाला, मलाही त्यांनीच. वाहन शिकवणीवाली बाई म्हणाली, अय्या, मलापण. साहेबांना मौज वाटली. त्यांनी विचारलं, आणखी कुणाकुणाला? आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे हात वर. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. भिंतीला टेकलेल्या एजंटांपैकी कुणीतरी फक्कन हसलं. साहेब उत्साहाने म्हणाले, मग पुढच्या वेळी आपण त्या बाईंनाच बोलावू.

थोरली गुच्छ धरून हसत उभी राहिली. भर प्रयोगात मागचा पडदा कोसळला तरी नटी हसत उभी राहते, तशी. तिला त्या हातांपेक्षा ते एक वाक्य टोचत होतं. फटकळ आहेत, पण. आयुष्यभराच्या कामाचं प्रमाणपत्र, आणि ते देणार कोण, तर काल-परवा खुर्ची मिळालेली बाई.

घरी आल्यावर ती न जेवता आडवी झाली. सकाळी धाकटी डबा भरत होती, खिडकी उघडायची वेळ होत आली होती. थोरली पर्स घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पुढच्या खोलीत थोरल्याने भिंग शोधायला सुरुवात केली.

"कधीपासून पाठवतेयस माझ्याकडे माणसं?"

धाकटीने डब्याचं झाकण लावलं. नीट बसलं का ते पुन्हा बघितलं. "वरची पॉलिसी निघाल्यापासून."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"मग बरोबर ना. नको म्हणजे नको."

"ताई, लोक विचारतात. कार्ड संपल्यावर काय करायचं, हे रोज कुणीतरी विचारतं. त्यांना काय सांगू, देवाला माहीत? मला तिथून खासगी कंपनीचं नाव घ्यायची मनाई आहे. कुणी वर कळवलं तर खुर्ची जाईल माझी. कंपनीचं नाव मी घेतलंच नाही. तुमचं घेतलं."

"उपकार केलेस."

"उपकार नाही. मला दुसरं खात्रीचं माणूस माहीत नाही."

हे थोरलीला शिवीपेक्षा वाईट वाटलं. ती म्हणाली, "फटकळ म्हणालीस मला. चारचौघांत."

"आहातच की."

"माझं वाक्य चोरलंस ते वेगळंच. कागद मी बघते. मानसुद्धा माझ्यासारखी वाकडी करतेस."

धाकटी थांबली. "तुम्ही कधी ऐकलंत?"

थोरली पर्सची साखळी सारखी करू लागली. पुढच्या खोलीत काहीतरी बारीक, स्प्रिंगसारखं, फरशीवर पडलं.

"आला होतात तुम्ही," धाकटी सावकाश म्हणाली. "बघायला आला होतात." मग तिचा आवाज चढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "घेतलं मी ते वाक्य. या शेगडीपाशी उभी राहून तुम्ही फोनवर बोलायच्या ते ऐकून ऐकून घेतलं. पण तुमच्याकडून ते ज्यांनी हप्ता भरलाय त्यांनाच ऐकायला मिळायचं. माझ्याकडे रांगेतल्या कुणालाही मिळतं. आणि हेवा म्हणाल तर आधी मी केलाय. तुम्ही पर्समधून ती खणाची किल्ली काढून बघायच्या, आहे ना म्हणून, तेव्हा मी जळायची. नखांत काळी पूड घेऊन मी तुमच्यासाठी चहा टाकायची आणि मनात म्हणायची, हिचं टेबल मोडू दे. म्हणायची हं मी असं. आता मोडायला आलं तर बघवेना, काय करू?"

जावेच्या तोंडून निघालेलं ते 'मोडू दे' थोरलीने पहिल्यांदाच ऐकलं. हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं, या घरात जळणारी ती एकटीच.

धाकटीने डबा पिशवीत ठेवला, पदर खोचला. आवाज पुन्हा खाली आणला.

"चुकलं असेल माझं. आता तुम्हाला कळलंय, तेव्हा तुमच्या तोंडून ऐकते. आज सोमवार आहे, रांग रस्त्यापर्यंत असेल. कार्ड संपल्यावर कुठे जायचं, म्हणून कुणीतरी विचारणारच. पाठवू की नको?"

नको म्हटलं तर वर्षअखेरीला टेबल जाणार, आणि हो म्हटलं तर टेबल राहील पण ते धाकटीने ठेवलेलं असेल, दर माणसागणिक, दर सहीगणिक. थोरली हे गणित रात्रभर मांडत होती आणि तिला ते एकदाही सुटलं नव्हतं.

"सांगा ना, ताई."

थोरल्याने भिंग डोळ्यावरून काढलं आणि दाराकडे पाहिलं.

थोरलीने पर्स खांद्याला लावली. दारातल्या चपलांतून आपली जोडी पायाने पुढे ओढली, एक घातली, मग दुसरी. धाकटी पिशवी हातात धरून तशीच उभी होती. थोरली तिच्याकडे न बघता बाहेर पडली आणि जिना उतरून गेली. 'नको' मात्र ती म्हणाली नव्हती.